सभेपुढे ठेवायचं पत्र

हॅनाज रीफ या आमच्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावात कुठल्याही मंडळाच्या वार्षिक सभेला न जाणं धोक्याचं असतं. मी एकदाच चुकवली होती, ब्याण्णव साली, दाढ सुजली म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेलो तर बेकरीवाल्यानं माझं अभिनंदन केलं. मी ऐतिहासिक मंडळाचा अध्यक्ष झालो होतो. दाढ त्याच आठवड्यात काढून टाकली. अध्यक्षपद अजून आहे.

आमची रीत सोपी आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या मंगळवारी सभा भरते, सगळी पदं रिकामी झाल्याचं जाहीर होतं, आणि मग सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसतात. जो आलेला नाही त्याचं नाव कुणीतरी सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो, थोडा हशा होतो आणि काम उरकतं. सगळी पदं भरेपर्यंत भिंतीकडच्या टेबलावरच्या ताटांवरची फडकी काढायची नाहीत, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे. बंबातला चहा उकळत असतो, सॉसेज रोल थंड होत असतात आणि माणसं भुकेनं हळूहळू लवचिक होतात.

संग्रहपालाच्या पदाला मात्र ही नाटकं लागत नसत. संग्रहपाल म्हणजे म्युझियम उघडायचं, झाडायचं, लोकांना दाखवायचं आणि बंद करायचं. ते काम सत्तर सालापासून नेरिडा पेंगेलीकडे होतं. आधीचे अध्यक्ष आणि पुढे मी विचारायचो, संग्रहपालपदासाठी कुणी? सगळे गप्प. मग तीच म्हणायची, "बरं, मीच बघते." चौतीस वर्षांत हे वाक्य बदललं नाही. सुरुवातीला ती ते हसून म्हणायची. पुढेपुढे हसणं गेलं, वाक्य राहिलं, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

नेरिडा मूळची इथली नाही. ती किनाऱ्याकडची, कॉकल पॉइंटच्या मासेमाराची मुलगी. तेविसाव्या वर्षी क्लेम पेंगेलीशी लग्न करून आली. क्लेम रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा, सज्जन माणूस, बोलायचा कमी. दोन वर्षांत समुद्राकाठी घर घेऊ, असं त्यानं तिला सांगितलं होतं म्हणे. एकोणनव्वद साली तो गेला तेव्हा ती दोन वर्षं व्हायचीच होती. मूलबाळ नव्हतं. माहेरची उरली ती तिची धाकटी बहीण कोरल, कॉकल पॉइंटला आईवडिलांच्या घरात एकटी राहणारी, शिवणकाम करणारी. पेंगेलींच्या स्वयंपाकघरात एक भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असे. समुद्रापासून साडेचार तासांच्या गावात ते कशाला हवं, असं मी एकदा गमतीनं विचारलं होतं. ती म्हणाली, पाणी कुठवर आलंय ते मला ठाऊक असलेलं बरं. पुन्हा मी त्यावर गंमत केली नाही.

म्युझियम जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. पेन्शनरांची बस आली की नेरिडा दारात उभी राहायची. बुटकी, ताठ, लोकरीच्या जाकिटाच्या खिशात पांढरे हातमोजे. मधे बोललेलं तिला खपत नसे. तिजोरीच्या खोलीत काचेखाली आमच्या खाणीत सापडलेला तो प्रसिद्ध सोन्याचा गोळा आहे, आणि प्रत्येक बसमधला एकतरी माणूस विचारतोच, हे खरं सोनं का? "खरं तीन दिवसांत गेलं," ती सांगायची. "हे प्लास्टर आहे. ते राहिलं."

मग ती सगळ्यांना मागच्या भिंतीवरच्या फोटोपाशी न्यायची. तंबूंसमोर उभी असलेली दाढीवाली माणसं, चिखलात रुतलेल्या बायका. लोकांना वाटतं, सोनं सापडलं म्हणून गाव वसलं, असं ती म्हणायची. तसं नाही. ज्यांना सापडलं ते पहिल्या बोटीनं परत गेले. ज्यांना सापडलं नाही त्यांच्याकडे परतीचं भाडं नव्हतं. "आमचं गाव त्या दुसऱ्या लोकांचं आहे." पेन्शनर हसायचे. ती हसायची नाही. मी ते शेकडो वेळा ऐकलं, आणि मीही हसायचो.

तिथल्या वस्तूंचं तिला ओझं होतं. म्हणजे वजनाचं नव्हे. गावातली एखादी म्हातारी आजोबांचा खाणीतला दिवा नाहीतर आजीचा चर्चला जायचा बुट्टेदार झगा कागदात गुंडाळून आणायची आणि देताना हमखास विचारायची, हे इथेच राहील ना? नेरिडा सांगायची, इथेच राहील. असे शब्द तिनं चौतीस वर्षांत किती जणींना दिले असतील कोण जाणे. त्यातल्या बऱ्याचजणी आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत, म्हणजे शब्द परतही घेता येत नाही. दोन हजार तीन साली कौन्सिलनं कळवलं की जबाबदार संग्रहपाल नसेल तर इमारतीला कुलूप लागेल आणि वस्तू शहरातल्या गोदामात जातील. त्यांचंही चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून नेरिडाच्या पायात बेडी पडली.

आता माझं सांगतो. मी लिंडसे हॉकिंग, तीस वर्षं शाळेची बस चालवली. बायको गेल्यापासून एकटा. घर म्युझियमच्या बरोब्बर समोर. दर बुधवारी सकाळी, म्युझियम उघडायच्या आधी, नेरिडा आणि मी तिथल्या ओसरीवर चहा प्यायचो. विशेष काही बोलत नसू. फुटबॉल, पाऊस, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. पण मला त्या चहाची सवय लागली होती.

चार सालच्या जुलैमधल्या अशाच एका बुधवारी तिनं कोरलचं सांगितलं. कोरलची नजर जात होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्ष, फार तर दीड वर्ष. टीव्हीवरच्या माणसांची तोंडं तिला आताच दिसेनाशी झाली होती. सुईत दोरा ओवणं बंद झालं होतं.

"माझं तोंड दिसतं अजून," नेरिडा म्हणाली. "अगदी जवळ बसलं तर."

मग तिनं खिशातून पाकीट काढलं. चिकटवलेलं, वर तिच्या त्या सरळ अक्षरात: सभेपुढे ठेवण्यासाठी.

"हे तू वाच. पत्रव्यवहाराच्या वेळी, निवडणुकीच्या आधी. मी त्या दिवशी कोरलकडे असेन."

मी म्हटलं, न येणाऱ्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. तू स्वतः का नाही सांगत?

"सांगितलंय की. पाच वर्षं सांगतेय. मग तुम्ही सगळे गप्प बसता आणि मला ती शांतता सोसत नाही. मी समोर असले की माझ्याच तोंडून ते वाक्य निघतं." तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. "अध्यक्ष तू, समोर राहणारा तू, लिंडसे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

मी म्हटलं, वाचतो.

सभेला चौदा जण होते. नेरिडानं जाण्याआधी घरी भाजलेल्या स्कोनचं ताट माझ्याकडे देऊन ठेवलं होतं, तेही टेबलावर होतं. इतिवृत्त झालं, हिशेब झाला, मग पत्रव्यवहार. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं. मी हात घातला. आणि मान वर करून पाहिलं तर ते तेरा चेहरे. बहुतेकांना नातवंडं, शेतं, दुखणी. मोकळा, धडधाकट आणि म्युझियमच्या समोर राहणारा असा गावात एकच माणूस होता, आणि तो खुर्चीत बसून खिशात हात घालून होता.

खोटं कशाला सांगू? म्युझियम वाचावं असा उदात्त विचार माझ्या मनात आला नाही. हे माझ्या गळ्यात पडेल, एवढंच मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं, की ती गेली तर बुधवारी मी कुणाबरोबर चहा पिऊ? मी रिकामा हात बाहेर काढला.

"पत्रव्यवहार नेहमीचाच," मी म्हणालो.

आमची चिटणीस ग्वेन ओड्जर्स. नेरिडाची तीस वर्षांची मैत्रीण. दोघी एकमेकींच्या घरी दार न वाजवता शिरायच्या. तिनं वहीत लिहिलं, पत्रव्यवहार: नेहमीचा. मग संग्रहपालपद आलं. कुणीतरी विचारलं, नेरिडा कुठेय? बहिणीकडे, मी सांगितलं. मग तर प्रश्नच मिटला, असं ग्वेनच हसत म्हणाली आणि तिनंच नाव सुचवलं. सगळे हात वर. मी म्हटलं, मंजूर. ताटांवरची फडकी निघाली. नेरिडाचे स्कोन आधी संपले. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. वाचलंस का, तिनं विचारलं. मी म्हटलं, वाचलं.

"मग?"

"तुलाच निवडलं."

 तिनं विचारलं, "ग्वेन काही म्हणाली?"

"तिनंच तुझं नाव सुचवलं."

हे खरं होतं. अशा वेळी खऱ्याचा किती आधार वाटतो. नेरिडा बरं म्हणाली आणि फोन ठेवला. शनिवारच्या बसनं ती परत आली. बुधवारी तिनं म्युझियम उघडलं.

तुम्ही म्हणाल, तिनं सरळ निघून जायचं होतं. कुणी बांधून ठेवलं होतं तिला? पण त्या म्हाताऱ्यांना दिलेले शब्द होते, आणि किल्ली घ्यायला कुणाचा हात पुढे नव्हता. त्यात तिची समजूत अशी की साऱ्या गावानं कोरलच्या डोळ्यांचं ऐकलं आणि तरीही हात वर केले. एवढं ऐकूनही जे सोडत नाहीत त्यांच्याकडे पुन्हा काय मागायचं? पुढल्या सभेला ती आली, कोपऱ्यात बसली आणि मी पद पुकारताच, शांतता व्हायच्या आतच, म्हणाली, मीच बघते. 'बरं' गळालं होतं.

ग्वेनशी तिनं बोलणं तोडलं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त इतिवृत्ताच्या वहीतलं ते 'नेहमीचा' तिनं वाचलं, आपल्या पत्राची ग्वेननं एवढीच नोंद केली असं धरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्वेन तिच्या लेखी परकी झाली. ग्वेन दारावर गेली की नेरिडा दारातूनच उत्तर द्यायची. नाताळला ग्वेननं केलेला केक तसाच परत आला. ग्वेन रडत माझ्याकडे आली, म्हणाली, मी काय केलं रे तिचं? तुला काही ठाऊक आहे का? मी तिला चहा करून दिला आणि म्हटलं, वय झालंय, होतं असं. एका पत्रापायी मी तिघांना कोंडून घातलं होतं, आणि दार उघडायचं तर मला आधी तोंड उघडावं लागणार होतं. मी मूग गिळून बसलो. दर बुधवारी चहा मात्र चालू होता. तोही आता घशाखाली उतरत नसे, पण नाही कसं म्हणणार?

कोरलकडे ती वर्षातून दोनदा जायची, तीन-तीन दिवस. सहा सालच्या जानेवारीत परत आली तेव्हा मी विचारलं, कशी आहे? "आता नाही दिसत," ती म्हणाली, आणि बसनं आलेल्या मुलांना हातमोजे घालून सोनं तोलायचा तराजू दाखवायला गेली.

ते पाकीट मी जाळायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं जाळलं असतं. पण म्युझियमच्या माणसांना एक खोड लागते. नेरिडानंच ती आम्हाला लावली. गावचा लिहिलेला कागद फेकायचा नाही, वाण्याची यादी असली तरी. मी दोनदा चुलीपाशी गेलो आणि दोनदा परत आलो. शेवटी मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी सारलं. त्या ट्रंकेवर 'नंतर पाहू' अशी चिठ्ठी आहे. नोंदणीची रांग एवढी लांब होती की त्या तळाशी पोहोचायला तिला आणखी पंधरा वर्षं लागली असती.

जूनमध्ये मागच्या खोलीचं छप्पर गळलं. ट्रंकेत पाणी गेलं. नेरिडानं आतला कागद न् कागद बाहेर काढून टिपकागदावर वाळत घातला. मी बुधवारी गेलो तेव्हा ओसरीवर चहा नव्हता. ती आत टेबलाशी नोंदवही उघडून बसली होती. हातात मोजे. समोर पाकीट. ओलीनं कडा फुगल्या होत्या, पण चिकटवलेलं तसंच होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कामाच्या आवाजात वाचत गेली. "पत्र. बंद पाकिटात. न उघडलेलं. ट्रंकेच्या तळाशी सापडलं." मग पेन थांबवलं. "देणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव लिहू, लिंडसे?"

मला बसावंसं वाटलं, पण तिनं बस म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं. हात घातला, काढला, बुटांकडे बघितलं, स्कोन खाल्ले, सगळं. माफी मागितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि रकान्यात माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, दे इकडे, आत्ताच वाचतो, मोठ्यानं.

"मला काय वाचून दाखवतोस? मला माहितीये त्यात काय आहे. ते सभेला लिहिलंय. सभेत वाच."

मधले दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ग्वेनकडे ती गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. आता कळतं, ती कशी जाणार? दोन वर्षं एका निरपराध बाईला परकं केलं, तिच्या दारात काय म्हणून उभी राहणार?

ऑगस्टच्या सभेला ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स. ग्वेन वहीपाशी. पत्रव्यवहाराची वेळ आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. आमच्याकडे कुणी उठून उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं. मी पाकीट फाडलं. 

पत्र लहान होतं. मंडळाचे आभार, वस्तूंची यादी कुठे आहे, तिजोरीच्या खोलीचं दार बंद करताना वर कसं उचलायचं. मग शेवट. तो मी वाचला:

"मी चौतीस वर्षं आनंदानं हे काम केलं. आता माझ्या बहिणीची नजर जाते आहे. तिला अजून माझा चेहरा दिसतो. तो दिसतो आहे तोवर मला जाऊ द्या. तुमची, नेरिडा."

 बंब तेवढा उकळत होता. ग्वेनचं लिहिणं थांबलं होतं.

"तारीख काय आहे त्यावर?" तिनं विचारलं.

मी तारीख वाचली.

ग्वेननं वहीची पानं मागे चाळली. ते पान तिला सापडलं. तिनं ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी अडतीस वर्षांचा संसार केला, आईबाप पुरले, पण माझ्याकडे तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं पेन ठेवलं, उठली आणि नेरिडाच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.  नेरिडानं पर्स उचलून खाली ठेवली आणि ग्वेनचा हात आपल्या मांडीवर घेतला.

कामकाज पुरं करायला हवं होतं. मी विचारलं, संग्रहपालपदासाठी कुणी? त्या वेळी शांतता इतकी लांबली की मला वाटलं आता नेहमीचं वाक्य येणार, छत्तीस वर्षांची सवय आहे. नेरिडा समोर बघत बसून राहिली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ते तसे ठेवणं तिला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मी हात वर केला. अध्यक्षानं स्वतःचं नाव सुचवायचं नसतं, पण कुणी हरकत घेतली नाही. कुणी अनुमोदनही दिलं नाही. मी म्हटलं, मंजूर. त्या दिवशी फडकी निघाली नाहीत. लोक आपापली ताटं झाकलेलीच घेऊन घरी गेले.

शनिवारी ग्वेन तिला गाडीनं कॉकल पॉइंटला सोडून आली. त्याच्या पुढच्या बुधवारी ग्वेन म्युझियममध्ये आली. सभासदाला तिकीट लागत नाही, तरी तिनं पाहुण्यासारखं तिकीट काढलं, म्हणून मीही तिला ते फाडून दिलं. मग मला समोर उभं करून तिनं सगळं सांगितलं. कोरल दारात उभी होती. नेरिडानं हाक मारली तेव्हा तिनं दोन्ही हात पुढे केले आणि बहिणीचा चेहरा चाचपला. कपाळ, डोळे, गाल. बराच वेळ. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढे तू अजून तशीच आहेस गं, दोन वर्षांपूर्वी नीट दिसली होतीस तेव्हाची. आता कशी दिसतेस?"

"नेरिडाला सांगता येईना," ग्वेन म्हणाली. "मग मीच सांगितलं."

काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही. ती गेल्यावर अकराची बस आली. मी हातमोजे घातले आणि लोकांना आत घेतलं.